लहान गावातल्या शाळकरी वयाच्या विनोदी आठवणी लिहिताना जिवंत माणसांना किती आणि कसे आणावे?

गावकूस (प्रश्न)

नमस्कार. माझे आठवी ते दहावीचे शिक्षण १९७८ ते १९८१ या काळात बार्शीत झाले. वडील एका डाळ गिरणीत दिवाणजी होते आणि घर भगवंत मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर होते. त्या तीन वर्षांच्या आठवणी मी गेले वर्षभर लिहितो आहे. साठ-सत्तर पाने झाली आहेत आणि त्यांचे एक लहानसे पुस्तक करावे, असा विचार आहे. लेखन विनोदी अंगाने चालले आहे, कारण त्या वयात आमच्या बाबतीत जे घडले ते मुळातच हसू आणणारे होते. मात्र दोन प्रसंगांपाशी माझा हात अडला आहे आणि जाणकारांनी मार्ग दाखवावा म्हणून ते सविस्तर मांडतो.

पहिला प्रसंग छोट्या गाडीचा, म्हणजे बार्शी-कुर्डुवाडी मार्गावरच्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा. आम्ही तिघे मित्र एका रविवारी घरी न सांगता कुर्डुवाडीला निघालो. तिथे जाऊन मोठी गाडी बघायची, फलाटावर चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचे, एवढाच बेत होता. तिकीट खिडकीवरच्या बाबूंनी पैसे घेण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, ‘तू कुणाचा रं?’ हा प्रश्न बार्शीत आम्हाला दिवसातून चार वेळा तरी ऐकावा लागे, त्यामुळे आम्ही बापाचे नाव सांगितले आणि निर्धास्तपणे डब्यात जाऊन बसलो. गाडी वाटेतल्या एका स्टेशनात थांबली, तेव्हा तिथले मास्तर खिडकीपाशी आले आणि आम्हाला नावानिशी हाका मारून खाली उतरवून घेतले. गाड्यांची ये-जा सांभाळण्यासाठी स्टेशनांमध्ये जो फोन असतो, त्यावरून आमचा निरोप आमच्या आधीच तिथे पोचला होता. मास्तरांच्या पत्नीने आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, पेरू दिले आणि परतीच्या गाडीत बसवून पाठवले. मोठी गाडी आम्हाला त्या वर्षी दिसलीच नाही.

दुसरा प्रसंग जुलै १९७९ मधला, मी नववीत असतानाचा. अमेरिकेची स्कायलॅब ही सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, या बातमीने सगळे गाव हादरले होते. आमच्या आळीतल्या एका घरी तर ‘उद्याचं कुणी बघितलंय’ म्हणून मंगळवारीच पुरण शिजले होते. आमच्या गणिताच्या सरांनी मुलांची भीती घालवण्यासाठी फळ्यावर हिशेब मांडला. पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग साधारण ५१ कोटी चौरस किलोमीटर, भारताचे क्षेत्रफळ ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, तेव्हा ती भारतात पडण्याची शक्यता सुमारे १५५ मध्ये एक. हे ऐकून आम्हाला खरोखर धीर आला. संध्याकाळपर्यंत मात्र हा १५५ चा आकडा शाळेच्या कुंपणाबाहेर गेला, पानपट्टीवर पोचला आणि गावातल्या मटका खेळणाऱ्यांनी तो लावला. ‘सरांनी काढलेला आकडा आहे, खोटा जायचा नाही,’ असे लोक एकमेकांना सांगत होते. सर जुगाराचे कट्टर विरोधक होते. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर ते बराच वेळ काही न बोलता उभे राहिले आणि नंतर त्यांनी कोरा फळाच डस्टरने पुन्हा पुसला.

आता माझा प्रश्न असा. सर हयात आहेत, त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. त्यांचे नाव मटक्याच्या गोष्टीत यावे का? नाव बदलले तरी गावातला प्रत्येक माणूस त्यांना ओळखणारच. प्रसंग गाळला तर माझ्या लेखी पुस्तकाचा कणाच जातो. शिवाय ज्यांनी छोटी गाडी पाहिलेली नाही, स्कायलॅबचे नावही ऐकलेले नाही, अशा आजच्या वाचकांना हे सगळे समजावून सांगत बसलो, तर हसू उरेल का?

रुळावरचा

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी रेल्वेत नोकरी केली आणि त्यातला मोठा काळ कुर्डुवाडीत काढला, म्हणून आधी गाडीबद्दल लिहितो.

आपल्या पिढीतले पुष्कळ लोक त्या गाडीला मीटरगेज म्हणतात, आणि आपल्या पुस्तकात ती चूक शिरू देऊ नये. ती नॅरोगेज होती, दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुंबईकडून सोलापूरकडे जाणारा मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला आणि धान्याची, कापसाची एवढी मोठी बाजारपेठ मुख्य रुळापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. १९५४ साली सरकारने तो ताब्यात घेतला. ही माहिती आपल्या गोष्टीबाहेरची नाही, असे मला वाटते. तीन मुलांना मोठी गाडी बघण्यासाठी छोट्या गाडीत बसावे लागले, याचे कारण हाच सगळा इतिहास आहे.

स्टेशनमास्तरांनी आपल्याला नावाने हाका मारल्या, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या लहान स्टेशनांवर माणसे वर्षानुवर्षे राहत. त्यांची मुले याच गाडीने शाळेला जात आणि बाजारहाटही याच गाडीने होई. डब्यात कोण कुठे चढले, कुणाच्या सुनेला माहेरी पोचवायला कोण निघाले, हे गार्डला तोंडपाठ असे. आषाढीला मात्र चित्र पालटायचे. डब्यांत आत-बाहेर वारकरी, पायदानावर वारकरी, आणि त्या चार-पाच दिवसांत ‘तू कुणाचा’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. आपल्याला पळून जायचे होते तर आषाढीत निघायला हवे होते, मग कुणाच्याही लक्षात आले नसते.

तारखांबद्दलही एक सूचना करतो. स्कायलॅब बुधवारी, ११ जुलै १९७९ रोजी, आपल्याकडच्या वेळेप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास कोसळली आणि तिचे तुकडे हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. त्या वर्षीची आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेली होती, आणि १५ जुलैला मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. मंगळवारी पुरण शिजल्याचे आपण लिहिले आहे, ते या क्रमात अगदी चपखल बसते. इतर प्रसंगही असेच पडताळून घ्यावेत, कारण चाळीस-पन्नास वर्षांनंतर दोन वेगळ्या वर्षांच्या आठवणी एकमेकींना चिकटून बसतात आणि गावातला एखादा जुना माणूस नेमके तेवढेच वाक्य धरून बसतो.

मोतीतळे

मी सावंतवाडीची. आपला ‘तू कुणाचा रं’ वाचताना मला आमचा ‘ह्यां कोणाचा चेडू?’ ऐकू आला. चेडू म्हणजे मुलगी, हे येथील घाटावरच्या वाचकांसाठी सांगते.

दहावीच्या वर्षी मी भावाच्या सायकलवर सायकल शिकायला निघाले होते. गावाला कळू नये म्हणून आम्ही पहाटे, पुरते उजाडण्यापूर्वी, मोती तलावाच्या कडेने चक्कर मारायला जायचो. भाऊ मागचे कॅरियर धरून धावायचा. तिसऱ्या दिवशी मी घरी पोचायच्या आत तीन बायका आईला भेटून गेल्या होत्या. एकीने सांगितले की मी पडले आणि गुडघा फुटला. मी पडले नव्हते. दुसरीने सांगितले की माझ्या मागे कुणी मुलगा धावत होता. तिसरीने फार प्रेमाने विचारले की मुलीचे कुठे मुंबईला ठरले आहे का, नाहीतर सायकल कशाला शिकवता. आईने तिघींना चहा दिला आणि तिसरीला साखर जास्त घातली. हा प्रसंग आमच्या घरी अजूनही सांगितला जातो आणि सगळे पोट धरून हसतात, मीसुद्धा हसते.

पण त्या दिवसानंतर माझी सायकल बंद झाली, ती वर्षभर. भावाची चालू राहिली. आपल्याला स्टेशनमास्तरांनी पेरू देऊन परत पाठवले, तेव्हा गावाचे ते लक्ष आपल्याला मायेचे वाटले, आणि ते होतेही मायेचेच. त्याच वयाच्या मुलींसाठी तेच लक्ष वेगळे काम करत असे. मी आपल्यावर टीका करत नाही, आपले लेखन मला मनापासून आवडले. मी इतकेच विचारते की या साठ-सत्तर पानांत आपल्या वर्गातल्या मुली कुठे आहेत? आपल्याला बहीण असेल तर त्या रविवारी ती कुठे होती? तिला विचारून पाहावे. तिच्या आठवणीने आपले हसू कमी होणार नाही, उलट आपण एकट्याने जे पाहिले नाही तेही पानावर येईल.

सरांच्या प्रसंगाबद्दल माझे मत अगदी साधे आहे. ते हयात आहेत, तर त्यांनाच विचारावे. ते नसते, तर हा प्रश्न अवघड होता.

खिळेजोड

मी अनेक वर्षे एका दिवाळी अंकासाठी हस्तलिखिते वाचण्याचे काम केले आहे. लहान गावातल्या आठवणींचे लेख दरवर्षी ढिगाने येत. त्यांतले बहुतेक का फसत, ते आधी सांगतो, म्हणजे आपले लेखन का फसलेले नाही हेही स्पष्ट होईल.

असे लेख बहुधा विक्षिप्त माणसांच्या रांगेवर उभे असतात. एक तोतरा शिंपी, एक चिडका मास्तर, एक वेंधळा पोस्टमन, आणि प्रत्येकाच्या व्यंगावर दोन-दोन परिच्छेद. वाचणारा दोन पाने हसतो आणि मग त्याला त्या शिंप्याची कणव येऊ लागते. आपल्या दोन्ही प्रसंगांत कुणीही विक्षिप्त नाही. तिकिटाचे बाबू, मास्तर, त्यांच्या पत्नी, गणिताचे सर, ही सगळी आपापल्या जागी शहाणी माणसे आहेत. हसू येते ते गावाच्या एका नियमामुळे, की इथे कोणतीही गोष्ट एका माणसाजवळ राहत नाही. आपली सहल राहिली नाही आणि सरांचा हिशेबही राहिला नाही. गावाने दोन्ही गोष्टी सारख्याच तत्परतेने पुढे पोचवल्या. म्हणूनच हे दोन प्रसंग एकाच पुस्तकात, शक्य तर एकामागोमाग एक असावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

नाव बदलण्याबाबत माझा अनुभव असा की नाव बदलता येते, पण व्यवसाय बदलता येत नाही. एका लेखकाने कुणाला राग येऊ नये म्हणून आपल्या गोष्टीतला न्हावी बदलून किराणा दुकानदार केला आणि सगळा लेखच कोलमडला, कारण गावातल्या बातम्या न्हाव्याकडे का जमतात आणि दुकानदाराकडे वेगळ्या बातम्या का जमतात, यावरच तो उभा होता. आपल्या सरांना भूगोलाचे करून चालणार नाही. गणिताच्या माणसाने काढलेला आकडा म्हणून तर लोकांनी त्याच्यावर पैसे लावले. तेव्हा नाव न घालता ‘आमचे गणिताचे सर’ एवढेच लिहावे. गाव ओळखेल, ओळखू द्यावे. त्या गोष्टीत सरांना कमीपणा आणणारे काहीही नाही. कोरा फळा पुन्हा पुसणारा माणूस वाचकाच्या मनात उंचच होतो. मोतीतळे यांनी सुचवल्याप्रमाणे छपाईपूर्वी त्यांना वाचून दाखवणे मात्र अगत्याचे आहे, आणि ते कायद्याच्या भीतीने नव्हे.

समजावून सांगण्याच्या प्रश्नावर रुळावरचा यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. त्यांची माहिती अस्सल आहे, पण ती गोष्टीच्या आधी ओतली तर मुले गाडीत बसेपर्यंत वाचक उतरून गेलेला असेल. आधी मुलांना खिडकीपाशी उभे करावे. मोठी गाडी बार्शीला का येत नाही, हे त्यांच्यापैकीच एकाने दुसऱ्याला सांगावे, दोन वाक्यांत, अर्धवट कळलेले. अडीच फूट हे अंतर सांगायचे असेल तर एखाद्या मुलाने दोन रुळांवर दोन पाय ठेवून उभे राहावे. चौदा वर्षांच्या मुलाला ते सहज जमते आणि मोठ्या गाडीच्या रुळांवर मुळीच जमत नाही, म्हणजे फरक वाचकाच्या अंगात उतरतो.

स्कायलॅबच्या बाबतीत मात्र मी अगदी उलट सांगेन. तिथला हिशेब पानावर संपूर्ण यायला हवा. ५१ कोटी, ३२ लाख ८७ हजार, भागाकार, उत्तर. वाचकाने वर्गाबरोबर ते उत्तर काढले पाहिजे, त्याच्याही मनातली भीती त्या आकड्याने उतरली पाहिजे, म्हणजे संध्याकाळी तोच आकडा पानपट्टीवर दिसल्यावर त्याला हसू फुटेल. नुसते ‘सरांनी एक आकडा काढला’ असे लिहिले तर पुढचे सगळे वाया जाईल.

बोलीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बार्शीच्या बोलीत, ही आपली आताची पद्धत सोडू नये. मागे शब्दार्थांची यादी जोडू नये. ‘तू कुणाचा रं’ कळण्यासाठी महाराष्ट्रात कुणालाही कोश लागत नाही.

गावकूस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्यंतरी मी बार्शीला जाऊन आलो.

मोतीतळे ताई, आपला प्रश्न मी धाकट्या बहिणीला विचारला. ती त्या वेळी अकरा वर्षांची होती. तिने सांगितले की त्या रविवारी आम्हाला स्टेशनाकडे जाताना पाहून तीच घरी धावत गेली होती आणि वडिलांना तिनेच सांगितले. इतकी वर्षे आम्ही तिघेही तिकिटाच्या बाबूंनाच चहाडखोर समजत आलो. ‘का सांगितलंस?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘मला पण यायचं होतं की.’ गाडीचे प्रकरण आता मी तिच्या बाजूने पुन्हा लिहितो आहे आणि निम्मे झालेही आहे. रुळांवर दोन पाय ठेवून उभी राहणारी तीच आहे, कारण ती खरोखरच तशी उभी राहत असे.

सरांकडे गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. पाने काढली आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मटक्याच्या ओळी आल्या तेव्हा मी थांबलो, तर ते म्हणाले, ‘पुढं वाच.’ शेवटपर्यंत ऐकल्यावर त्यांनी हात पुढे करून पाने मागून घेतली, चष्म्याजवळ धरली आणि १५५ या आकड्यावर बोट ठेवले.

‘हे चूक आहे,’ ते म्हणाले.

मला वाटले, आता ते हा प्रसंग गाळायला सांगणार. पण त्यांचे म्हणणे निराळेच होते. स्कायलॅबची कक्षा विषुववृत्ताशी पन्नास अंशांचा कोन करणारी होती, त्यामुळे ती पन्नास अंश उत्तर आणि पन्नास अंश दक्षिण या पट्ट्याच्या बाहेर पडणेच शक्य नव्हते. हा पट्टा पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या साधारण ७६.६ टक्के, म्हणजे सुमारे ३९ कोटी चौरस किलोमीटर भरतो, आणि भारत सगळाच्या सगळा त्या पट्ट्यात येतो. तेव्हा ५१ कोटींना नव्हे, ३९ कोटींना भागायला हवे आणि शक्यता येते सुमारे ११९ मध्ये एक. १५५ ही फळ्यावरची पहिली पायरी होती, दुसरी पायरी ते लिहिणार तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मुले उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात बराच वेळ गप्प उभे होते, ते राहिलेला हिशेब पुरा करावा की करू नये, या विचारात. पुरा केला असता, तर संध्याकाळी गावाने ११९ लावला असता.

मी नाव घालू की नको, असे विचारले. ते म्हणाले, ‘नाव घाल नाहीतर नको घालू, पण दोन्ही पायऱ्या घाल.’ मग त्यांनी घंटा होताच सगळ्यांत आधी बाकावरून उठलेल्या चार मुलांची नावे सांगितली, हजेरीपटाच्या क्रमाने. त्यांत तिसरे नाव माझे होते.